विसरवाडीचा काळा पत्थर

गिरासे मॅडम दगड चाटून बघायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना ऊन लागलं असावं. नाल्याच्या काठाला उकिडव्या बसलेल्या, डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली, एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात नुकताच फोडलेला दगड. त्यांनी तो जिभेला लावला, ओल्या जागेवर भिंग धरून बराच वेळ पाहिलं आणि मग तोच दगड माझ्यापुढे केला.

"घ्या, चाटा."

मी मागे सरकलो.

"अहो, कोरड्या दगडावर नुसती धूळ दिसते. ओला केला की कण दिसतात. पाण्याची बाटली जीपमध्ये राहिली माझी." मग त्यांनी मला नीट पाहिलं. "नवे केमिस्ट तुम्हीच ना? नाव काय?"

"वळवी."

"कुठले?"

"धानोऱ्याचा. नंदुरबार तालुक्यातलं."

त्या हसल्या. "मंग लाजस काय रे? घरनाच मानूस शे तू."

तेव्हापासून माझ्याशी बोलण्याची त्यांची रीत ठरून गेली. अहिराणीत मी 'तू' आणि मराठीत 'तुम्ही'. काम नीट चाललेलं असलं, किंवा त्यांना भूक लागलेली असली, की अहिराणी. 'वळवी, तुम्ही जरा इकडे या' असं ऐकू आलं की मी हातातलं काम खाली ठेवून जायचो, कारण काहीतरी बिनसलेलं असायचं. माझी घरची बोली भिली, अहिराणी बाजाराची आणि मराठी शाळेची. मॅडमना तिन्ही कळत. भिली बोलता येत नसे, पण कुणी त्यांच्याबद्दल काय म्हणालं ते त्यांना बरोबर समजायचं.

आमचा कॅम्प अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरात, जांभळीपाडा नावाच्या वस्तीवर होता. तिथल्या आश्रमशाळेच्या दोन रिकाम्या खोल्या एका खाण कंपनीने भाड्याने घेतल्या होत्या. एका खोलीत दगड दळायचं यंत्र आणि नमुने, दुसरीत माझी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे जनरेटरवर चालणारी एक शेगडी, परीक्षानळ्यांचे स्टँड, आम्लाच्या बाटल्या आणि रंगाची तीव्रता मोजणारं एक लहानसं यंत्र. आम्ही फॉस्फेट शोधत होतो. खत ज्यापासून बनतं तो हा दगड, आणि आपल्या देशाला तो बराचसा बाहेरून आणावा लागतो. सातपुड्यात सगळीकडे काळा पत्थर आहे, त्यात फॉस्फेट नावालाच असतं. पण कुठे कुठे त्या पत्थराला चिरत खालून वेगळ्या जातीचा दगड भिंतीसारखा वर आलेला आहे. नर्मदेपलीकडे गुजरातच्या अंगाला तसा दगड माहीत होता. आमच्या बाजूला तो कामाचा आहे का, हे बघायला मॅडमना आणलं होतं. सरकारी नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघा दुखायचा. तरी डोंगर चढताना आमच्यातला कुणी त्यांच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं एक डबडं असे. त्यात चष्मा नव्हता. कापसात गुंडाळलेली, मॉलिब्डेट नावाच्या रसायनाची थेंबबाटली होती. दगडावर थेंब टाकायचा आणि थांबायचं. फॉस्फेट असेल तर थेंबाखाली हळदीसारखा पिवळा डाग धरतो. पाड्यावरच्या बायका पाणी भरायला जाताना थांबून हे बघत. त्यांनी मॅडमचं नाव 'हळदवाली बाय' ठेवलं होतं. त्यातली रमिलाबेन वसावे एकदा मला भिलीत म्हणाली, "ही दगडांची लग्नं लावते का रे?" मी सांगण्याआधीच मॅडम हसत होत्या. "तिला सांगा, लग्न जमायचं आहे अजून. आत्ता नुसतं बघणं चाललंय."

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, जसं बाजारातून काहीतरी आणायचं राहून जावं तसं. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या पुढे, त्यांचं गाव. घरी केळी, कापूस, भरपूर जमीन. गिरासेंच्या घरातली मुलगी नाशिकला जाऊन दगडांचा अभ्यास करणार म्हटल्यावर वडील म्हणाले होते, दगडच वेचायचे तर आपल्या वावरात काय कमी आहेत. मोठ्या वहिनीने बाजू घेतली म्हणून त्या जाऊ शकल्या. पुढे नोकरी लागल्यावर वडील एकदा त्यांच्या कॅम्पवर आले. दिवसभर एका दगडावर बसून पोरीचं काम बघत राहिले. संध्याकाळी निघताना त्यांनी एकच विचारलं, "अठे कापूस व्हई का?"

मॅडमनी माती हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, "नही व्हवाव, आप्पा."

"मंग दगडच बरा," म्हणून ते एसटीत बसले. हे सांगताना मॅडम वडिलांचा चेहरा करायच्या आणि आम्ही हसायचो. पण वडील दगडावर दिवसभर बसले होते याचं त्यांना फार अप्रूप होतं. ती गोष्ट त्या नेहमी तिथपासूनच सुरू करत.

कामात त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणीही काही सांगायला आलं की त्या विचारायच्या, "दिखनं काय, आनि वाटनं काय?" म्हणजे दिसलं काय आणि वाटलं काय, ते वेगळं सांगा. ड्रिलिंगचा माणूस धावत येऊन म्हणायचा, मॅडम, खाली भारी दगड लागलाय. त्या म्हणायच्या, भारी तुला वाटला, दिसला कसा? रंग काय, कण केवढे? असं दोनचारदा झालं की माणूस आपोआप नीट बघायला लागायचा. काहींना याचा राग यायचा. कंपनीचे मॅनेजर तर वैतागायचे. ते बाहेरच्या राज्यातले, आठवड्यातून एकदा यायचे आणि त्यांना वर कळवायला काहीतरी हवं असायचं. ते बिचारे विचारायचे, "मॅडम, लगता क्या है आपको?" आणि मॅडम म्हणायच्या, "लगता बहुत कुछ है. दिखेगा तब बताऊंगी."

दित्यादादा पाडवींच्या शेतात खंदक घ्यायचा होता तेव्हाची गोष्ट मी विसरलेलो नाही. ग्रामसभेने शोधकामाला होकार दिला होता, पण खाणीचं पुढे बघू असं स्पष्ट म्हटलं होतं. वेगळ्या दगडाची ती भिंत नेमकी दित्यादादांच्या उतारावरच्या शेताखालून जात होती. दित्यादादा साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. मॅडम त्यांच्या ओट्यावर बसल्या, उडदाची डाळ आणि भाकर खाल्ली, आणि खाऊन झाल्यावर विषय काढला.

"खणा," दित्यादादा म्हणाले. "पण बुजवाल कशी? वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर, असं केलं तर मी पेरणार काय?"

"वरची माती वेगळी काढून ठेवते. बुजवताना शेवटी ती वर."

"सगळे असं म्हणतात."

"मग तुम्ही उभे राहा."

खंदक खणला तेव्हा आणि बुजवला तेव्हा दोन्ही वेळा दित्यादादा उभे होते. मजुरांनी एके ठिकाणी घाईत मुरूम वर टाकला, तेव्हा मॅडमनी तो तुकडा पुन्हा उकरायला लावला. मॅनेजर म्हणाले, अर्धा दिवस फुकट गेला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि स्वतः फावडं उचललं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर परतीचा पाऊस लांबला. नेमके तेव्हाच आमचे सगळे खंदक उघडे होते. ओल्या चुऱ्याचे नमुने गोळा करायचे होते आणि नमुन्यांच्या कापडी पिशव्या संपल्या. नव्या यायला वेळ होता. पाऊस असाच राहिला तर खंदकाच्या कडा ढासळणार, आणि मग सगळं पुन्हा खणावं लागणार. मजुरांचा मुकादम विचारायला आला तेव्हा मी तिथेच होतो. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून खंदकात उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "गावातून रिकाम्या गोण्या घ्या. स्वच्छ झटका आणि भरा. काम थांबवू नका." गावात प्रत्येक घरी गोण्या असतात, धान्याला, बसायला, कोंबड्यांवर झाकायला. त्या आल्या, झटकल्या, भरल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्या गोण्यांमधल्या नमुन्यांचे आकडे मी काढले तेव्हा माझा माझ्यावर विश्वास बसेना. आधीच्या नमुन्यांत फॉस्फेट होतं, पण थोडं, विखुरलेलं. आता एकामागून एक नळी पिवळीधमक होत होती. मी द्रावणं नव्याने बनवून पुन्हा केलं. तेच. मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "वळवी, हाई खरं व्हई ना, तं मन्ही आख्खी नोकरी वसूल व्हई गई."

इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी डोंगर पाहिले होते, आणि बहुतेक ठिकाणी अहवालात 'पुढील कामास योग्य नाही' असंच लिहून त्या परत आल्या होत्या. हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे. त्या दिवशी मात्र त्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून मुलीसारखे पाय हलवत होत्या.

मॅनेजर पेढे घेऊन आले. त्यांनी आकडे वर कळवलेही. आणि डोंगरातली बातमी जशी पसरते तशी ती पाड्यापाड्यावर गेली. खाण येणार, काम गावातच मिळणार. दिवाळीनंतर जांभळीपाड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. टोळ्या ठरवायला तोडीचा मुकादम आला तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला यंदा नाही म्हणून सांगितलं. जयसिंग पाडवी हा दित्यादादांचा पुतण्या, तिशीतला, बायको आणि दोन लहान मुलं. दरवर्षी मुलांना घेऊन उसाच्या फडात पाल टाकणारा. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "बाई, पोरांना यंदा शाळेत ठेवतो. ड्रिलवर मला घ्याल ना?"

मॅडम म्हणाल्या, "काम वाढलं तर घेऊ." एवढंच म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या, आणि जयसिंगला ते पुरलं.

दित्यादादा मात्र खूश नव्हते. त्यांनी मला विचारलं, "शेत जाईल का?"

मॅडमची एक सवय मला तोवर पुरती कळली नव्हती. नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत त्या एक साधा काळा पत्थर घुसवायच्या. विसरवाडीच्या चौफुलीवर रस्त्याच्या कामाची खडी पडलेली असते, तिथून त्यांनी मॅनेजरच्या गाडीतून घमेलंभर आणवली होती. तो दगड खंदकावरच, बाकीच्या नमुन्यांसारखा नंबर टाकून, तसल्याच पिशवीत भरला जायचा. त्यात फॉस्फेट जेमतेम असणार हे ठरलेलं. त्याचा आकडा जास्त आला तर समजायचं की कुठेतरी घोळ आहे. नंबर कुठला ते त्या मला सांगत नसत. सगळा निकाल हातात आला की स्वतः ताडून पाहायच्या.

त्या आनंदाच्या गडबडीत ताडून पाहायचं दोन दिवस मागे पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा हाक आली, "वळवी, तुम्ही जरा इकडे या."

मी गेलो. त्यांच्या समोर माझ्या निकालाचा कागद होता. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा विसरवाडीचा काळा पत्थर आहे."

आकडा बाकीच्यांच्या पंक्तीला बसणारा होता. मला वाटलं, माझंच चुकलं. मी म्हणालो, "मॅडम, माझी द्रावणं..."

"आधी बघू. दोष मागून वाटू."

आम्ही घमेल्यातून विसरवाडीचा दुसरा दगड घेतला, त्याच यंत्रात दळला, त्याच द्रावणांनी तपासला. नळीला जेमतेम पिवळी छटा आली. म्हणजे माझी प्रयोगशाळा ठीक होती. मॅडम उठल्या आणि नमुन्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी विसरवाडीच्या दगडाची गोणी ओढून काढली, उलटी केली आणि कोपऱ्यातल्या शिवणीत बोट घातलं. बोटाला करडी, ओलसर, दाण्यांची पेंड लागली. पावसाळी हवेत खत असं घट्ट बसतं. झटकून निघत नाही. गोणीवरची छपाई उन्हापावसाने पुसट झाली होती, पण आता बघितल्यावर वाचता येत होती. ती खताची गोणी होती. जवळजवळ सगळ्याच होत्या.

"पाणी आणा," त्या म्हणाल्या.

त्यांना काय करायचंय ते माझ्या लक्षात आलं. गोणीतलं खत पाण्यात विरघळतं. दगडातलं फॉस्फेट नुसत्या पाण्याने सुटत नाही, त्याला आम्ल लागतं. आम्ही खंदकाच्या सर्वांत चांगल्या नमुन्याचा चुरा साध्या पाण्याने खळखळून धुतला, पाणी गाळलं आणि त्या धुणात मॉलिब्डेट टाकलं. पाणी पिवळंजर्द झालं. मग धुतलेला चुरा तपासला. त्यात होतं ते आधीसारखंच, थोडं, विखुरलेलं.

मी मॅडमकडे पाहिलं नाही. त्यांनीच बोलायला सुरुवात केली, आणि अहिराणीत. "माले बी वाटनं व्हतं रे. दिखनं नव्हतं." मग म्हणाल्या, "गोण्या आना, हाई मीच सांगेल व्हतं. तुन्हा काही दोष नही."

त्या नाल्यावर गेल्या आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. दोन भाकरी खाल्ल्या आणि मॅनेजरना फोन लावला.

मॅनेजर संध्याकाळच्या आत गाडी घेऊन हजर. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. त्यांनी वर कळवून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, महिन्या-दोन महिन्यात निकाल येईल, तेव्हा काय ते सांगू. "मॅडम, तब तक गांव में किसी को कुछ मत बोलिए. आपके भी नाम का सवाल है."

"नमुने जरूर पाठवा. मीच पाठवते," मॅडम मराठीतच म्हणाल्या. "पण मुकादमाचा ट्रक परवा-तेरवा येईल. ही माणसं आपल्या भरवशावर थांबली आहेत. दोन महिन्यांनी खरं कळून त्यांना काय उपयोग? तोवर तोडीच्या टोळ्या भरून गेलेल्या असतील."

"लेकिन हमने तो किसी को रुकने को नहीं बोला."

"नाही बोललो. पेढे वाटले."

मॅनेजर म्हणाले की तुम्ही कंपनीच्या परवानगीशिवाय बोललात तर मला तुमचं काम थांबवावं लागेल. मॅडम म्हणाल्या, "ते तुमचं काम आहे. तुम्ही करा." आवाज चढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात लोक जमले. मॅडमनी मला सांगितलं, "मी मराठीत बोलते, तुम्ही आपल्या बोलीत सांगा. गोड करून सांगू नका." एका स्टुलावर त्यांनी काचेचे तीन पेले मांडले. एकात नाल्याचं पाणी, दुसऱ्यात खंदकाच्या नमुन्याचं धुण, तिसऱ्यात रमिलाबेनच्या घरून आणलेलं चिमूटभर खत घातलेलं पाणी. तिन्हींत आम्ल आणि मॉलिब्डेट टाकलं. नाल्याचं पाणी तसंच राहिलं. बाकीचे दोन्ही पेले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळे झाले.

"हे तुमच्या डोंगरातलं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुमच्याच गोण्यांमधलं खत आहे. तुमच्या डोंगरात फॉस्फेट आहे, पण खाण चालेल एवढं नाही. गोण्या वापरायला मी सांगितलं. चूक माझी आहे. आणि ड्रिलवर काम वाढणार नाही. ज्यांना तोडीला जायचंय त्यांनी मुकादमाला आजच निरोप द्या."

मी ते भिलीत सांगितलं. मग रमिलाबेनला हसू आलं. "म्हणजे आमचंच खत आम्हाला सापडलं?" दोनचार जण हसले. जयसिंग हसला नाही. तो उभा राहिला आणि सरळ मराठीत बोलला.

"बाई, पोरांची नावं मी परवाच शाळेत घालून आलो. आता परत काढू?"

मॅडम म्हणाल्या, "मास्तरांशी बोलते. मुलं वसतिगृहात राहू शकली तर बघते."

"बघा," जयसिंग म्हणाला आणि निघून गेला.

त्या बोलल्या. मास्तरांशी, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांशी, शेवटी अक्कलकुव्याच्या ऑफिसात जाऊन. मोठ्या मुलाची सोय झाली. धाकटी फार लहान होती, तिला आईबापाबरोबर जावं लागलं. मॅडमना ते लागलं. त्या म्हणाल्या, "अर्धंच जमनं." आणखी कुणी काही सांत्वनाचं बोललं तर त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

दित्यादादा त्या सभेनंतर एकदाच आले. त्यांनी शेताबद्दल काही विचारलं नाही. ओट्यावर बसून बिडी ओढली, आणि जाताना मला म्हणाले, "बाईला सांग, पुढच्या वेळी कापडी पिशव्या आधी मोजून घे." मी तसंच सांगितलं. त्या खळखळून हसल्या, कितीतरी दिवसांनी.

मॅनेजरनी शब्द पाळला. मॅडमचं काम थांबवल्याचं कळवलं गेलं आणि कॅम्पची जीप दुसऱ्या साइटवर बोलावून घेतली. बाहेरच्या प्रयोगशाळेचा निकाल पुढे यथावकाश आला. मॅडमनी सांगितलं होतं तेच त्यात होतं. पण तोवर कॅम्प उठला होता, मी नंदुरबारला माती परीक्षणाच्या कामावर लागलो होतो, आणि तो निकाल मला कुणी मुद्दाम कळवला नाही, ऐकीव कळला. मॅडम त्यानंतर राजस्थानात कुठल्याशा कामावर गेल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकदा फोनवर बोलणं झालं तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न जेवण झालं का म्हणून विचारला आणि दुसरा जयसिंगच्या मुलाचा. तो तेव्हा आठवीत होता. "बरं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या गेल्याचं त्यांच्या भाच्याने कळवलं. मी जाऊ शकलो नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या जांभळीपाड्याहून निघाल्या त्या सकाळच्या. जीप नव्हती, एसटी पाड्यापर्यंत येत नव्हती. ऊसतोडीचा ट्रक तेवढा आला होता. भांडी, कोंबड्या, गोधड्या, माणसं चढत होती. मॅडम पत्र्याची पेटी घेऊन उभ्या होत्या. ड्रायव्हरने त्यांना पुढे केबिनमध्ये बसा म्हटलं. तिथे एक बाळंतीण बसली होती. मॅडम म्हणाल्या, तिला नीट पाय पसरू द्या, मला अक्कलकुव्यापर्यंतच जायचंय.

मी त्यांची पेटी वर दिली. चढताना गुडघा धरला आणि त्या मध्येच अडकल्या. वर जयसिंग उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या बायकोने गोधडीचं गाठोडं सरकवून जागा केली आणि हात पुढे केला. तो हात धरून मॅडम वर गेल्या. ट्रक सुरू झाला, धूळ उडाली. धूळ जरा खाली बसली तेव्हा मला दिसलं, जयसिंगची धाकटी मुलगी त्यांच्या मांडीवर होती आणि ट्रकचे हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं.